एकचर्या आणि उतारवय : पालि साहित्याच्या प्रकाशात एक विचार

गेल्या वर्षी वर्षावास संपल्यानंतर एक उपासक आमच्याकडे आले. चंद्रपूर जिल्ह्यातील एका शाळेत त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ अध्यापन केले आणि वयाच्या ५८व्या वर्षी नियमानुसार ते निवृत्त झाले. आता त्यांचे वय पासष्टच्या घरात आहे. सहचारिणीचे निधन होऊन दोन वर्षे झाली आहेत. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीपासून नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत एकट्याने, पायी जाण्याचा त्यांचा संकल्प होता. मुलाचा त्याला विरोध होता. "बापाला घराबाहेर काढले असे लोक म्हणतील," हे त्याचे म्हणणे. चळवळीतील एका जुन्या सहकाऱ्याने तर "हा वानप्रस्थाश्रम झाला, आपण तो केव्हाच टाकून दिला आहे," असे त्यांना सुनावले होते. या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या त्या गृहस्थांनी आम्हास एवढेच विचारले, "सर, याला धम्मात आधार आहे काय?"

त्या दिवशी आम्ही त्यांना घाईने उत्तर दिले. अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपातात अनागत भयांविषयी एक सुत्त आहे. वार्धक्याने ग्रासलेल्याला बुद्धशासनाचे मनन करणे सोपे नसते, अरण्यातील एकांत शयनासनांचा उपयोग करणेही सोपे नसते, असे तेथे म्हटले आहे. ते सांगून आम्ही त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. ते निमूटपणे उठून गेले. रात्री ते सुत्त पुन्हा उघडून पाहिले तेव्हा आपण त्याचा अर्धाच भाग सांगितला, हे आमच्या ध्यानी आले. सुत्ताचा निष्कर्ष निषेधाचा नाही. वार्धक्य येण्यापूर्वीच असा पुरुषार्थ करावा की त्या अवस्थेतही सुखाने राहता येईल, असे ते सांगते. आम्ही त्या उपासकांच्या प्रश्नाला न्याय दिला नव्हता. प्रस्तुत लेख ही त्या चुकीची दुरुस्ती आहे. असा प्रश्न आज अनेक निवृत्त उपासक-उपासिकांच्या मनात असावा, असे वाटल्यावरून तो येथे मांडत आहोत.

चारिका : शब्द आणि व्यवहार

पालि भाषेत पायी केलेल्या प्रवासाला 'चारिका' अशी संज्ञा आहे. अट्ठकथाकार बुद्धघोष यांनी भगवंतांच्या चारिकेचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिली त्वरित चारिका. एखाद्या व्यक्तीला तत्काळ भेटण्याची निकड असेल तेव्हा तथागत वेगाने व लांबवर चालत. अंगुलिमालासाठी तीस योजने आणि पुक्कुसातीसाठी पंचेचाळीस योजने ते चालून गेले, असे अट्ठकथा सांगते. दुसरी अत्वरित चारिका. ग्राम-निगमांतून, भेटतील त्या लोकांशी बोलत, दररोज एक योजन किंवा अर्धे योजन एवढेच अंतर तोडायचे, ही तिची रीत. योजनाच्या लांबीविषयी एकमत नसले तरी ते साधारणतः बारा ते चौदा किलोमीटर धरले जाते. म्हणजे अत्वरित चारिकेत दिवसाचे चालणे सहा ते चौदा किलोमीटर एवढेच होते.

या हिशेबाकडे वाचकांनी मुद्दाम लक्ष द्यावे. लांबचा प्रवास म्हटला की सामर्थ्याचे प्रदर्शन, अंतराचा विक्रम, अशी कल्पना आपल्या मनात उभी राहते. बुद्धांच्या नित्याच्या चारिकेत तिला स्थान नव्हते. निकड दुसऱ्याच्या दुःखाची असेल तरच पाय वेगाने उचलायचे, एरवी माणसांसाठी थांबत जायचे, हे त्या दोन प्रकारांमागील तत्त्व आहे.

चंक्रमणाविषयीचे सुत्तही येथे उपयोगी आहे. नियमित चालण्याचे पाच लाभ तेथे सांगितले आहेत. मनुष्य प्रवासास समर्थ होतो, प्रयत्नास समर्थ होतो, आजार कमी होतात, खाल्लेले अन्न नीट पचते आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते. यांतील पहिल्या लाभासाठी 'अद्धानक्खम' हा शब्द आला आहे, त्याचा अर्थ लांबचा मार्ग सहन करू शकणारा. ही क्षमता रोजच्या चंक्रमणातून येते, हा त्या सुत्तातील क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. संकल्प केल्याच्या दुसऱ्याच दिवशी घराबाहेर पडावे, असे तेथे कोठेही सुचविलेले नाही.

एकटेपणाचा अर्थ

साठ अर्हंत झाल्यावर भगवंतांनी त्यांना बहुजनांच्या हितासाठी चारिकेला पाठविले आणि दोघांनी एका मार्गाने जाऊ नये, असे सांगितले. महावग्गातील हा प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. सुत्तनिपातातील खग्गविसाणसुत्ताने तर गेंड्याच्या शिंगाची उपमा देऊन एकचर्येचा गौरव केला आहे. परंतु त्याच सुत्तात, शहाणा व सदाचारी सहचर मिळाला तर त्याच्यासह आनंदाने जावे, असेही सांगितले आहे, याचा बहुधा विसर पडतो. एकटे चालणे हा तेथे आग्रह नाही. अयोग्य सोबतीपेक्षा एकटेपण बरे, असा विवेक आहे.

याहून मूलगामी विवेचन संयुत्तनिकायातील मिगजालसुत्तात आढळते. एकविहारी कोणाला म्हणावे, असा तेथे प्रश्न आहे. इंद्रियांना प्रिय वाटणाऱ्या विषयांत जो रमतो, त्याला आसक्ती जखडते. तो घोर अरण्यात राहत असला तरी 'सद्वितीय', म्हणजे सोबतीसह राहणारा होय, कारण तृष्णा ही त्याची सोबतीण आहे. जो त्यांत रमत नाही तो गावाच्या मध्यभागी, भिक्षू, उपासक आणि राजे यांच्या गर्दीत राहत असला तरी एकविहारी होय.

हा निकष लावला तर आमच्या उपासकांचा प्रश्न वेगळ्या रीतीने समोर येतो. रिकामे घर सोसवत नाही म्हणून कोणी रस्ता धरला, तर ते घर त्याच्या मागोमाग चालत येईल. पत्नीच्या वियोगाचे दुःख एकशे पन्नास किलोमीटर चालल्याने मागे राहत नाही. मात्र त्या दुःखाकडे स्थिरपणे पाहण्यास लागणारा अवकाश चालण्यातून मिळू शकतो. पळून जाणे आणि निघून जाणे या दोहोंतला फरक पावलांवरून ओळखता येत नाही, तो चित्तावरून ओळखावा लागतो.

उतारवयातील तीन उदाहरणे

पहिले उदाहरण स्वतः तथागतांचे. महापरिनिब्बानसुत्तात ऐंशी वर्षांचे भगवान राजगृहाहून निघून पाटलिग्राम, वैशाली, पावा असे करीत कुशिनारेला पोहोचतात. आजच्या मापाने हे अंतर तीनशे किलोमीटरहून अधिक भरते. आपले शरीर जुन्या, बांधून-सावरून चालविलेल्या गाड्यासारखे झाले आहे, असे ते आनंदाला सांगतात. वेळुवग्रामी त्यांना मरणांतिक व्याधी जडते. कुशिनारेच्या वाटेवर ते थकून झाडाखाली बसतात, चीवर चौपदरी करून अंथरावयास सांगतात आणि पिण्यास पाणी मागतात. थकल्यावर बसणे, तहान लागल्यावर मागणे आणि सोबत्याचा आधार घेणे यांत त्यांना कमीपणा वाटला नाही. एकट्यानेच सर्व निभावून नेण्याची ईर्षा धरणाऱ्या वृद्धांनी हा प्रसंग वारंवार वाचावा.

दुसरे उदाहरण थेरीगाथेतील धम्मा थेरीचे. भिक्षाटन करून परतताना काठीच्या आधाराने चालणारी, कापऱ्या अंगाची ही वृद्ध भिक्षुणी जमिनीवर कोसळते. त्या पडण्यातच तिला देहाचे स्वरूप दिसते व चित्त विमुक्त होते. तिची वाट लांबची नव्हती. विहारापासून गावापर्यंतची रोजचीच वाट होती. ज्या उपासिकांना गुडघ्यांमुळे दीर्घ प्रवास शक्य नाही त्यांनी स्वतःला या विचारातून वगळू नये, म्हणून ही गाथा आम्ही मुद्दाम सांगतो.

तिसरे उदाहरण चिनी भिक्षू फाहियान यांचे. इसवी सन ३९९ मध्ये ते चांगआनहून निघाले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. चीनमधील विनयाचे ग्रंथ अपुरे होते आणि ते मिळविण्याचा निश्चय त्यांनी केला होता. निघताना सोबती होते. त्यांतील काही वाटेतून परतले, एकाने बर्फाच्छादित पर्वतावर त्यांच्यासमोर प्राण सोडला आणि शेवटचा सोबती ताओ-चेंग पाटलिपुत्रातच राहिला. फाहियान यांनी तेथे तीन वर्षे राहून भाषा शिकून विनय उतरवून घेतला. पुढे सिंहलद्वीपात एका बुद्धमूर्तीपुढे कोणी व्यापाऱ्याने अर्पण केलेला चिनी रेशमी पंखा त्यांना दिसला आणि मायदेशाच्या आठवणीने त्यांचे डोळे भरून आले, असे त्यांनीच नमूद केले आहे. ४१२ मध्ये ते समुद्रमार्गे चीनला परतले. ज्या वयात आपण 'आता काय उरले' असे म्हणतो त्या वयात त्यांचे मुख्य कार्य सुरू झाले. ते एकटे पडले हे खरे, पण एकटे पडण्यासाठी ते निघाले नव्हते.

अतिनिवास आणि अतिप्रवास

अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपातात एकापाठोपाठ येणारी काही लहान सुत्ते या विषयाचा गाभा सांगतात. फार लांबचा व अनिर्बंध प्रवास करीत राहणाऱ्याचे पाच तोटे असे: न ऐकलेले ऐकावयास मिळत नाही, ऐकलेले शुद्ध होत नाही, ऐकलेल्यातील काहींविषयी आत्मविश्वास राहत नाही, गंभीर आजार जडतो आणि मित्र उरत नाहीत. याउलट मर्यादित व नियोजित प्रवासाचे पाच लाभ आहेत.

त्यानंतर लगेच अतिनिवासाचे, म्हणजे एकाच ठिकाणी फार काळ राहण्याचे दोष येतात. वस्तू साचतात, औषधे साचतात, कामे वाढत जातात, अनुचित संसर्ग वाढतो आणि ते ठिकाण सोडताना मन मागे ओढ घेते. दुसऱ्या एका सुत्तात निवास, कुळे, लाभ, कीर्ती आणि धम्म यांविषयी निर्माण होणाऱ्या कृपणतेचा उल्लेख आहे.

हे उपदेश भिक्षूंना उद्देशून आहेत, हे खरे. तथापि निवृत्त गृहस्थाच्या घराचे चित्र यापेक्षा नेमके कोणते? कपाट भरून फायली, खिडकीत औषधांची रांग, संस्थेतील खुर्ची सोडवत नाही, नव्या कार्यकर्त्याला माईक देववत नाही. आपल्या विहार समित्यांतील अनेक वाद या अतिनिवासातून जन्मतात, हे आम्ही खेदाने नमूद करतो. दोन-तीन आठवडे पायी बाहेर पडलेला अध्यक्ष परत येतो तेव्हा समिती त्याच्यावाचून चाललेली असते. ही जाणीव कडू असली तरी गुणकारी आहे.

वाट आणि वन

आता प्रत्यक्ष मार्गाचा विचार करू. चंद्रपूरहून नागपूरला जाणारे दोन प्रमुख रस्ते आहेत. पश्चिमेचा महामार्ग पडोली, ताडाळी, घोडपेठ, भद्रावती, वरोरा, जाम, बुटीबोरी असा सुमारे दीडशे किलोमीटरचा आहे. पूर्वेचा मूल, सिंदेवाही, नागभीड, भिवापूर, उमरेड असा असून तो सुमारे दोनशे किलोमीटर भरतो.

बौद्ध अभ्यासकाला दोन्ही वाटा प्रिय आहेत. भद्रावतीच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. डोंगरात खोल खोदलेल्या मार्गिका आणि त्यांच्या टोकाशी बसलेल्या बुद्धमूर्ती तेथे पाहावयास मिळतात. ह्युएनत्संग यांनी सातव्या शतकात भेट दिलेल्या कोसल देशाची राजधानी येथेच असावी, असे कनिंगहॅम यांचे मत होते. पुढील अभ्यासकांनी इतर स्थळेही सुचविली असल्याने तो प्रश्न निर्णीत नाही. पूर्वेच्या वाटेवर नागभीडजवळ देवटेक आहे. तेथील शिलालेखाचा जुना भाग अशोककालीन ब्राह्मी लिपीत असून, मिराशी यांच्या वाचनानुसार त्यात प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई केली आहे.

परंतु प्रेमाने वाट सुरक्षित होत नाही. पूर्वेचा रस्ता ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या आणि ब्रह्मपुरीच्या वनक्षेत्राच्या आसपासून जातो. या भागात वाघांच्या हल्ल्यांत मोहफूल वेचणारे, तेंदूपत्ता तोडणारे, गुराखी आणि शेतकरी दरवर्षी बळी पडतात. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या जंगलात २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळपही आला. पालि साहित्याने या भयाची उपेक्षा केलेली नाही. अरण्यवासी भिक्षूने सर्प, विंचू, वाघ, बिबट्या, अस्वल आणि चोर यांच्यापासून आपल्याला मृत्यू येऊ शकतो याचे स्मरण ठेवावे, असे सुत्तात स्पष्ट म्हटले आहे. भयभेरवसुत्तात बोधिसत्त्व अरण्यातील भयाला सामोरे जातात, चालताना भय वाटले तर चालतानाच त्याचे निराकरण करतात. पण ते भय चित्तातले होते. झुडपामागच्या वाघाचे निराकरण त्या मार्गाने होत नाही.

यासाठी आम्ही काही व्यवहार्य सूचना करतो. उतारवयात प्रथमच निघणाऱ्याने पश्चिमेचा मार्ग घ्यावा. तेथे वाहनांची वर्दळ मोठी आहे, म्हणून समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, रस्त्याच्या कडेने चालावे. पूर्वेच्या वाटेवर पहाटे व सायंकाळी चालू नये, जंगलाचा पट्टा आला की गावकऱ्यांच्या सोबतीने किंवा सरळ एस.टी.ने तो ओलांडावा. यात संकल्पभंग नाही. विनयातही धोक्याच्या वाटेने सार्थाबरोबर, म्हणजे व्यापारी तांड्याबरोबर प्रवास केल्याचे उल्लेख आहेत. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पायी शिरण्याचा विचारही करू नये. गडचिरोलीच्या दक्षिण भागात वनरक्षक, पोलीस पाटील आणि ग्रामस्थ यांच्या सल्ल्याशिवाय एकट्याने जाऊ नये. तेथे हिवतापाचा प्रादुर्भाव असल्याने मच्छरदाणी जवळ असावी. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता ग्रामीण रुग्णालय गाठावे.

काळ कोणता घ्यावा? वर्षावासाची परंपरा येथे आपोआप उत्तर देते. पावसाळ्यात फिरणारे भिक्षू हिरवे अंकुर व लहान जीव तुडवितात अशी लोकांची तक्रार झाली, म्हणून तो नियम झाला. धानाच्या बांध्यांच्या या प्रदेशात तो आजही समर्पक आहे. उन्हाळ्यात चंद्रपूरचे तापमान ४५ अंशांपलीकडे जाते, तेव्हा तोही वर्ज्य. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ योग्य होय. दररोज बारा किलोमीटर धरले तर दीडशे किलोमीटरला तेरा दिवस लागतात. दोन दिवस विश्रांतीचे मिळविले की पंधरवडा होतो. तत्पूर्वी दोन-तीन महिने रोजचे चंक्रमण, वैद्यकीय तपासणी, पायांत रुळलेले बूट, नेहमीची औषधे आणि दररोज ठरलेल्या वेळी घरी दूरध्वनी, एवढी तयारी असावी. मुक्कामासाठी गावोगावचे विहार आहेत. तेथील समितीला आधी कळवावे आणि आपला भार कोणावर पडू देऊ नये.

वानप्रस्थ की चारिका?

आता त्या जुन्या सहकाऱ्याच्या आक्षेपाकडे वळू. वानप्रस्थ हा वर्णाश्रमव्यवस्थेचा भाग आहे. त्यात वयाच्या एका टप्प्यावर माणूस समाजातून निवृत्त होतो. चारिकेत माणूस समाजात शिरतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात भिक्षूविषयी जो प्रश्न उपस्थित केला, तो हाच आहे: भिक्षू हा स्वतःपुरता परिपूर्ण मनुष्य व्हावा की समाजसेवक? त्याच ग्रंथात सिद्धार्थाचे गृहत्यागाचे कारण त्यांनी शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरील संघर्षात पाहिले. निघून जाण्याचे मूल्य निघण्याच्या कारणावरून ठरते, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

आपल्या चळवळीला चालणे नवे नाही. नोव्हेंबर १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी लाँग मार्च निघाला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. त्या वेळी विशीत असलेली पिढी आज निवृत्त आहे. आमच्याकडे आलेले उपासकही तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि त्या मार्चमध्ये चालले होते, हे त्यांनी दुसऱ्या भेटीत सांगितले. "तेव्हा हजारोंबरोबर चाललो, आजूबाजूची गावे पाहिलीच नाहीत. आता ती पाहायची आहेत," असे ते म्हणाले.

चंद्रपूरच्या दीक्षाभूमीचा प्रारंभबिंदू म्हणून विचार करताना १६ ऑक्टोबर १९५६ हा दिवस डोळ्यांसमोर येतो. नागपूरच्या सोहळ्यानंतर, बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने झालेल्या समारंभासाठी बाबासाहेब येथे आले आणि त्यांनी येथील जनतेला धम्मदीक्षा दिली. त्यांची प्रकृती तेव्हा अत्यंत खालावली होती. ५१ दिवसांनी, ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. शरीर साथ देत नसताना त्यांनी हा प्रवास केला, तो येथील माणसांसाठी. त्या वाटेने उलट दिशेला जाणाऱ्याने आपणही कोणासाठी चाललो आहोत, हे स्वतःला विचारावे.

त्या उपासकांनी याचे उत्तर स्वतःच शोधले. प्रत्येक मुक्कामी सायंकाळी विहारातील मुलांना तासभर गणित शिकवायचे, हा त्यांचा विषय होता, आणि गावातील वृद्धांचे म्हणणे वहीत उतरवून घ्यायचे, असे त्यांनी ठरविले. मुलाला त्यांनी पहिल्या दिवशी सोबत येण्यास सांगितले. तो घोडपेठपर्यंत आला. सबंध वाटेत दोघे फारसे बोलले नाहीत. निरोप घेताना मुलाने स्वतःच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून वडिलांच्या पिशवीत ठेवली आणि रोज सायंकाळी सात वाजता दूरध्वनी करण्याचे वचन घेतले. एवढ्याने त्याचा विरोध संपला असे आम्ही म्हणणार नाही, पण त्याचे रूप बदलले.

ते पंधराऐवजी अठरा दिवसांनी नागपूरला पोहोचले. वरोऱ्याच्या पुढे पायाला फोड आल्याने त्यांना एका गावी तीन दिवस थांबावे लागले, आणि तेथील मुलांचे अपूर्णांक पक्के झाले. धम्मात याला आधार आहे काय, या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही असे देऊ: आधार आहे, मात्र तो अंतराला नाही आणि एकटेपणालाही नाही. मर्यादा ओळखून, भय जाणून, माणसांसाठी थांबत जो चालतो, त्याच्या चालण्याला तो आहे.